प्रकरण ६ : पिस्तुलाच्या साइट्स बदलायच्या, तर कोणत्या?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेतलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न पडतो. पिस्तुलासोबत आलेल्या साइट्स ठेवाव्यात की बदलाव्यात? दुकानात जावे, तर भिंतीवर साइट्सची पाकिटेच पाकिटे लटकलेली असतात. पांढरे ठिपके, हिरवे ठिपके, केशरी कडी, लाल धागे, रात्री चमकणाऱ्या, वर काच बसवलेल्या. विक्रेता प्रत्येकीचे गुण सांगतो. घेणारा गोंधळतो आणि शेवटी मित्राच्या पिस्तुलावर जी पाहिली तीच घेऊन घरी येतो.

हा प्रश्न तिथे लाखो घरांतला आहे. घरात संरक्षणासाठी हँडगन ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात मान्य केला. घराबाहेर ती जवळ बाळगण्याचा हक्क २०२२ साली ब्रुएन खटल्यात मान्य झाला. टेक्सास किंवा जॉर्जियात स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या नातलगाच्या कपाटातल्या तिजोरीतही असे पिस्तूल असू शकते. भारतातली स्थिती अगदी वेगळी आहे. त्याविषयी पुढे एका परिच्छेदात सांगेन.

या प्रकरणात माझे म्हणणे एकच आहे. साइट निवडताना पिस्तुलाच्या आधी स्वतःचा डोळा तपासावा. कारण साइट बसते पिस्तुलावर, पण वापरतो ती डोळा. तो कसा काम करतो हे कळले की पाकिटांची ती भिंत एकदम छोटी होते.

१. डोळ्याला एका वेळी एकच अंतर नीट दिसते

सिनेमात पोलीस पिस्तूल रोखून उभा राहतो तेव्हा त्याची नजर समोरच्या माणसावर खिळलेली दाखवतात. प्रत्यक्षात साध्या साइट्स असलेल्या पिस्तुलाने अचूक नेम धरायचा, तर तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. मागची साइट, म्हणजे खाच असलेली पट्टी. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाजवळ उभे असलेले छोटे पाते. आणि त्यापलीकडचे लक्ष्य. हात ताणून पिस्तूल धरले की मागची खाच डोळ्यापासून साधारण ५८ सेंटिमीटरवर येते, पुढचे पाते सुमारे ७५ सेंटिमीटरवर, आणि लक्ष्य असते पाच, दहा किंवा पंधरा मीटरवर.

अडचण अशी की डोळ्यातले भिंग एका वेळी एकाच अंतरासाठी जुळते. सुईत दोरा ओवताना नजर नेढ्यावर स्थिरावली की मागची भिंत धूसर होते, आणि भिंतीकडे पाहिले की नेढे हरवते. तसेच हे. मग तिघांपैकी कोणाला स्पष्ट पाहायचे? नेमबाजीचे उत्तर पक्के आहे. पुढचे पाते स्पष्ट, खाच किंचित धूसर, लक्ष्य धूसर. लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी त्याचा मध्य डोळ्याला सापडतो. पात्याची कड धूसर झाली तर ते खाचेत मधोमध आहे की नाही हेच कळत नाही.

म्हणून चांगल्या साइटची पहिली कसोटी ही, की पिस्तूल वर येताक्षणी पुढचे पाते नजरेत भरले पाहिजे. बाकी सगळे त्यानंतर.

२. एक मिलिमीटर किती महाग पडतो

पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या अंतराला साइट रेडियस म्हणतात. ग्लॉक १७ या पूर्ण आकाराच्या पिस्तुलात ते १६५ मिलिमीटर आहे, मध्यम आकाराच्या ग्लॉक १९ मध्ये सुमारे १५३ आणि खिशात मावणाऱ्या ग्लॉक ४३ मध्ये सुमारे १३२.

पुढचे पाते खाचेत एक मिलिमीटर उजवीकडे सरकले तर काय होईल? हिशेब त्रैराशिकाचा आहे. चुकीला लक्ष्याच्या अंतराने गुणायचे आणि साइट रेडियसने भागायचे. दहा मीटर म्हणजे १०,००० मिलिमीटर. ग्लॉक १७ वर एक मिलिमीटरची चूक १०,००० भागिले १६५, म्हणजे सुमारे ६१ मिलिमीटर दूर जाते. ग्लॉक ४३ वर तीच चूक सुमारे ७६ मिलिमीटर होते. पिस्तूल जितके आखूड, तितकी चूक महाग.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकाराच्या नियमांत साइट रेडियस जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकतो. अचूक नेमबाजीच्या टप्प्यात लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त २५ मिलिमीटर. वरचेच त्रैराशिक उलटे मांडले तर कळते की पाते खाचेत सुमारे पाव मिलिमीटर जरी इकडेतिकडे झाले तरी गोळी वर्तुळाबाहेर पडते. अशा खेळाडूला काळे, चौकोनी, धारदार कडांचे पाते लागते. त्यावर रंग नको आणि ठिपकाही नको. प्रकाश तिथे ठरलेला असतो, लक्ष्य हलत नाही आणि ते कुठे असेल हे आधीपासून माहीत असते.

घराच्या संरक्षणाची परिस्थिती याच्या नेमकी उलट. प्रकाश कसा असेल ते माहीत नाही, अंतर बहुधा एका खोलीचे, हात थरथरणारे, आणि वेळ दोन-तीन सेकंदांचा. इथे पाव मिलिमीटरच्या अचूकतेपेक्षा पाते पटकन दिसणे मोलाचे. खेळाच्या साइट्स चांगल्या म्हणून त्या संरक्षणालाही चांगल्या, हा समज म्हणून टिकत नाही.

३. आधी खात्री करा, दोष साइटचाच आहे का?

नवीन साइट घ्यायला निघालेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, की गोळ्या डावीकडे खाली जातात. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या बाबतीत हे बहुतेक वेळा साइटमुळे होत नाही. ट्रिगर हळू दाबण्याऐवजी तो झटक्याने ओढला की बाकीची बोटेही आवळली जातात आणि नळी डावीकडे खाली झुकते. अशा माणसाने कितीही भारी साइट बसवली तरी छिद्रे तिथेच पडतील.

तपासायची सोपी रीत आहे. रेंजवर टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, तिच्यावर हात टेका आणि दहा मीटरवर पाच गोळ्या झाडा. असे तीनदा करा. मग तेच पिस्तूल एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हातात द्या. त्याच्याही गोळ्या त्याच बाजूला, तितक्याच अंतरावर गेल्या तर साइट सरकवण्याची किंवा बदलण्याची गरज आहे. त्याच्या मधोमध लागल्या तर साइट्सचे पैसे वाचवून एखाद्या प्रशिक्षकाची फी भरलेली बरी.

मात्र काही कारणांसाठी साइट बदलणे खरोखर योग्य असते. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ साली स्वीकारलेले आणि पुढे जगभर पसरलेले ग्लॉक घ्या. त्यावर कारखान्यातून येणाऱ्या नेहमीच्या साइट्स प्लॅस्टिकच्या असतात. पुढे पांढरा ठिपका आणि मागे खाचेभोवती पांढरी चौकट. कागदी लक्ष्यावर त्या ठीक चालतात. पण म्यानात घासून, काढता-घालता आपटून त्या झिजतात, अंधारात दिसत नाहीत आणि पांढरी चौकट पुढच्या ठिपक्यापेक्षा जास्त डोळ्यात भरते. पहिल्या विभागातली कसोटी आठवा. नजर पुढच्या पात्यावर जायला हवी, आणि इथे ती मागे ओढली जाते.

पिस्तूल वापरणाऱ्याचा एक हात जायबंदी झाला तर दुसऱ्या हाताने मागची साइट कमरेच्या पट्ट्यावर किंवा बुटाच्या टाचेवर अडकवून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचायची, असे प्रशिक्षणात शिकवतात. त्यासाठी मागची साइट पोलादाची आणि तिची पुढची बाजू उभी, धरण्याजोगी हवी. प्लॅस्टिकच्या साइटवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

४. पाते आणि खाच

आज बहुतेक पिस्तुलांवर दिसणारी चौकोनी पाते आणि चौकोनी खाच ही जोडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ई. ई. पॅट्रिज या अमेरिकन नेमबाजाने रूढ केली. तिला अजूनही पॅट्रिज साइट म्हणतात. त्याआधी पुढे गोल मणी किंवा अर्धचंद्राकार पाते आणि मागे व्हीसारखी खाच असे. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरवर तर मागची साइट म्हणून चौकटीच्या वरच्या पट्टीत कोरलेली नुसती खोबण होती. पॅट्रिजच्या रचनेचा फायदा सरळ आहे. पात्याचा माथा आणि खाचेचा माथा एका आडव्या रेषेत आणायचा, पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश ठेवायचा, की नेम लागला. सरळ कडांची तुलना डोळा फार अचूक करतो.

निवडताना पाहायच्या त्या या बाजूंच्या प्रकाशपट्ट्या. समजा पाते ३.२ मिलिमीटर रुंद आहे आणि खाच ३.८. पहिल्या विभागातल्या अंतरांचा हिशेब केला, तर पात्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी साधारण ०.९ मिलिमीटर प्रकाश दिसतो. अचूक नेमाला हे उत्तम, पण घाईत पाते खाचेत शोधायला वेळ लागतो. पाते तेच ठेवून खाच ४.३ मिलिमीटरची केली तर दोन्ही बाजूंचा प्रकाश वाढतो आणि पाते लवकर सापडते. संरक्षणाच्या साइट बनवणारे गेली काही वर्षे रुंद खाचेकडे वळले आहेत ते यामुळेच. काही जण चौकोनी खाचेऐवजी यूसारखी गोल तळाची खाच देतात. गोल ठिपका तिच्यात पटकन बसतो, पण उंचीचा अंदाज चौकोनी खाचेइतका नेमका येत नाही.

पात्याची रुंदी आणखी एका कारणाने महत्त्वाची. ३.२ मिलिमीटरचे पाते दहा मीटरवर सुमारे ४३ मिलिमीटर रुंदीची जागा झाकते, पंचवीस मीटरवर १०७ मिलिमीटर. टेक्सासमधल्या एक्सएस साइट्स या कंपनीची बिग डॉट ही साइट याच्याही पुढे जाते. आफ्रिकेत मोठ्या, धोकादायक प्राण्यांच्या शिकारीच्या रायफलींवर असते तशी उथळ व्ही आणि त्यात एक मोठा गोल ठिपका. पाचेक मीटरवर ती विजेसारखी वेगवान आहे. पंचवीस मीटरवर ती लक्ष्याचा मोठा भाग झाकून टाकते. ज्याच्या घरातले सर्वांत लांब अंतर आठ मीटर आहे, त्याने तिचा जरूर विचार करावा. मोकळ्या जागेत राहणाऱ्याने करू नये.

५. रंग, धागा आणि ट्रिशियम

पाते दिसावे म्हणून तीन उपाय आहेत. ते वेगवेगळ्या प्रकाशात काम करतात हे समजले की अर्धी निवड झाली.

पहिला उपाय रंगाचा. काळ्या पात्यावर झगझगीत केशरी किंवा पोपटी रंग दिवसा चटकन दिसतो. तो घरीही लावता येतो. पाते स्वच्छ पुसायचे, आधी पांढऱ्या नेलपॉलिशचा थर, तो वाळल्यावर वर चमकदार रंगाचे नेलपॉलिश, आणि शेवटी पारदर्शक थर. पन्नास-शंभर रुपयांत पात्याचा कायापालट होतो. माझ्या मते साइट विकत घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने आधी हे करून पाहावे.

दुसरा उपाय फायबर ऑप्टिक. पात्यात लाल किंवा हिरव्या प्लॅस्टिकचा पातळ धागा बसवलेला असतो. धाग्याच्या बाजूंनी शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत टोकाला जमा होतो, त्यामुळे टोक दिव्यासारखे उजळते. उन्हात याला तोड नाही. मात्र अंधाऱ्या खोलीत गोळा करायला प्रकाशच नसतो, आणि धागा विझतो. शिवाय तो आपटून तुटू शकतो आणि काही सफाईच्या द्रावणांनी खराब होतो. स्पर्धेत हे चालते, कारण सुटा धागा पिशवीत असतो. रात्री तीन वाजता तो उपयोगी नाही.

तिसरा उपाय ट्रिशियम. यावर थोडे थांबायला हवे, कारण याविषयी गैरसमज सर्वांत जास्त आहेत. ट्रिशियम हा हायड्रोजनचाच जड, किरणोत्सारी भाऊबंद. काचेच्या बारीक नळीत तो वायू भरतात आणि नळीच्या आतून स्फुरण पावणाऱ्या पदार्थाचा थर देतात. ट्रिशियममधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ते या थरावर आदळतात आणि थर उजळतो. याला बॅटरी लागत नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांप्रमाणे आधी उजेडात धरून प्रकाश भरून घ्यावा लागत नाही. कपाटात महिनाभर बंद राहिलेले पिस्तूल काढले तरी ठिपका चमकतच असतो.

किरणोत्सारी म्हटल्यावर भीती वाटणे साहजिक आहे. पण ट्रिशियमचे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात की हवेतही ते जेमतेम सहा मिलिमीटर जातात आणि नळीची काच त्यांना पूर्ण अडवते. नळी फुटलीच तर वायू हवेत विरून जातो. खिडक्या उघडाव्यात, थोडा वेळ बाहेर जावे, हात धुवावेत. खोड मात्र एक आहे. ट्रिशियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असते. २०२४ साली घेतलेली साइट २०३६ च्या सुमारास निम्म्या तेजावर येते आणि २०४८-४९ पर्यंत पावपट राहते. जुने पिस्तूल विकत घेताना साइटवरची निर्मितीची तारीख पाहावी, नाहीतर मंद ठिपक्याचे पूर्ण पैसे मोजले जातात.

हा ठिपका समोरच्या माणसाला दिसून आपली जागा कळेल का, असे अनेक जण विचारतात. नाही. नळीचे तोंड नेम धरणाऱ्याकडे असते. पुढून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. हिरवा रंगच जास्त का, याचेही कारण आहे. अंधाराला सरावलेला डोळा हिरव्या-निळसर प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. तेवढ्याच ट्रिशियममध्ये हिरवा ठिपका लाल ठिपक्यापेक्षा कितीतरी तेजस्वी वाटतो.

बाजारात तीन हिरवे ठिपके असलेल्या साइट्स सर्वांत जास्त मिळतात, मागे दोन आणि पुढे एक. माझे मत त्यांच्या विरोधात आहे. अंधारात तिन्ही ठिपके सारखेच दिसतात आणि घाबरलेला माणूस मागच्या ठिपक्यालाच पुढचा समजून बसू शकतो. मागची साइट पूर्ण काळी, किंवा फार तर मंद ठिपक्यांची हवी. पुढे ट्रिशियमची नळी आणि तिच्याभोवती केशरी किंवा पिवळे रंगीत कडे. दिवसा कडे दिसते, रात्री नळी. मिशिगनमधली ट्रिजिकॉन आणि इतर कंपन्या अशा जोड्या बनवतात.

आणि आता ज्या वाक्यासाठी हा विभाग लिहिला ते वाक्य. ट्रिशियम साइट उजळवते, समोरचा माणूस उजळवत नाही. पाते स्पष्ट दिसते पण दारात कोण उभे आहे ते दिसत नाही, अशा वेळी गोळी झाडणे म्हणजे उशिरा घरी परतलेल्या मुलावर, पाणी प्यायला उठलेल्या आईवर गोळी झाडण्याची शक्यता स्वीकारणे. ज्याच्या घरात संरक्षणाचे पिस्तूल आहे त्याच्या घरात चांगली, झटकन लागणारी टॉर्च असलीच पाहिजे. टॉर्चचा झोत समोर पडला की साधे काळे पातेही त्या उजेडावर सावलीसारखे ठसठशीत उमटते. ट्रिशियमचा खरा उपयोग मधल्या वेळी होतो. आपण अंधारात आहोत आणि समोरच्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड आहे, किंवा संध्याकाळ सरत आली आहे, अशा वेळी. टॉर्च आणि ट्रिशियम यांतले एकच परवडत असेल तर टॉर्च घ्या.

६. चाळिशीनंतरचा डोळा आणि लाल ठिपका

वय चाळिशीच्या पुढे गेले की डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. वर्तमानपत्र लांब धरावे लागते तो हा काळ. ७५ सेंटिमीटरवरचे पाते याच पट्ट्यात येते.

चष्म्याचा नंबर डायॉप्टरमध्ये सांगतात. एक भागिले मीटरमधले अंतर, एवढाच त्याचा अर्थ. ४० सेंटिमीटरवर वाचायला २.५ डायॉप्टर लागतात. ७५ सेंटिमीटरवरचे पाते पाहायला सुमारे १.३३ पुरतात. म्हणून वाचायचा अडीच नंबरचा चष्मा लावून पिस्तूल रोखले तर पाते धूसरच राहते, कारण तो चष्मा नजर ४० सेंटिमीटरवर बांधून टाकतो. बायफोकल घालणारा माणूस खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकतो आणि त्याचा सगळा पवित्राच बिघडतो. नेत्रतज्ज्ञाला हातभर अंतराचा, म्हणजे संगणकाच्या पडद्याच्या अंतराचा चष्मा मागा. अनेकांची साइटची तक्रार तिथेच संपते. मात्र मध्यरात्री चष्मा शोधायला वेळ मिळेलच असे नाही. त्यामुळे चाळिशीनंतर रुंद खाच आणि मोठे, रंगीत पाते घेणे शहाणपणाचे.

दुसरी वाट लाल ठिपक्याची, म्हणजे रेड डॉटची. यात डोळ्यासमोर तीन अंतरे राहतच नाहीत. पिस्तुलावर छोटी वक्र काच असते. तिच्यावरचा लेप लाल प्रकाश परावर्तित करतो आणि बाकीचा आरपार जाऊ देतो. काचेच्या नाभिस्थानी एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश काचेवर आपटून समांतर किरणांनी डोळ्यात शिरतो, त्यामुळे ठिपका लक्ष्याइतक्याच लांब असल्यासारखा दिसतो. नजर लक्ष्यावर ठेवा, ठिपका तिथेच उमटेल. ठिपका काचेच्या मध्यावर नसला तरी फारसे बिघडत नाही. ही कल्पना १९०० साली डब्लिनचे दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी मांडली. एलईडीचा वापर करून स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली ती बाजारात आणली. पिस्तुलावर टिकेल एवढी दणकट आणि लहान होईपर्यंत मात्र पुढची तीसेक वर्षे गेली. ट्रिजिकॉनची आरएमआर २००९ साली आली, आणि २०१५ पासून ग्लॉकने ती बसवण्यासाठी आधीच कापलेली स्लाइड असलेली एमओएस पिस्तुले विकायला सुरुवात केली.

ठिपक्याचा आकार एमओए या कोनाच्या मापात देतात. एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर, दहा मीटरवर सुमारे ३. सहा एमओएचा ठिपका दहा मीटरवर साडेसतरा मिलिमीटर झाकतो, म्हणजे साध्या पात्याच्या निम्म्याहूनही कमी. लवकर दिसावा म्हणून संरक्षणासाठी मोठाच बरा.

तोटेही लिहायला हवेत. साध्या साइट्सची सवय झालेल्या हाताला ठिपका सुरुवातीला सापडतच नाही, माणूस काचेत इकडेतिकडे शोधत बसतो. शेकडो वेळा रिकामे पिस्तूल रोखण्याचा सराव केल्यावरच तो आपोआप समोर येतो. डोळ्यात दंडगोल नंबर, म्हणजे अस्टिग्मॅटिझम असेल, तर ठिपका गोल न दिसता फुटलेल्या ताऱ्यासारखा पसरतो. असे असेल तर घेण्याआधी दुकानात पाहून घ्या, किंवा चष्मा लावून पाहा. पाऊस, कपड्याचा धागा, धूळ यांनी काच झाकली जाते. आणि बॅटरी संपते. दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्या घराने त्याच दिवशी बॅटरी बदलायची रीत ठेवावी, चालू असली तरी. काच निकामी झाली तर राखीव म्हणून नेहमीपेक्षा उंच साध्या साइट्स ठेवाव्यात, म्हणजे काचेतूनही त्या दिसतील.

७. उंची आणि बसवणे

साइट उंच-बुटकी झाली की गोळीची उंची बदलते. दोन नियम पाठ करा. मागची साइट ज्या दिशेला सरकेल त्या दिशेला गोळी सरकते. पुढचे पाते ज्या दिशेला सरकेल त्याच्या उलट दिशेला. पुढचे पाते उंच केले की गोळी खाली जाते.

ग्लॉक मागच्या साइट्स ६.१, ६.५, ६.९ आणि ७.३ मिलिमीटर अशा उंचीत देते, त्यातली ६.५ ही नेहमीची. एका पायरीचा फरक ०.४ मिलिमीटर. ग्लॉक १७ वर पंधरा मीटरला तो ०.४ गुणिले १५,००० भागिले १६५, म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर होतो. गोळ्या सातत्याने साडेतीन सेंटिमीटर खाली जात असतील तर एक पायरी उंच साइट घ्यायची. आडव्या चुकीचा हिशेबही तसाच. दहा मीटरवर पाच सेंटिमीटर डावीकडे जात असेल तर ५० गुणिले १६५ भागिले १०,०००, म्हणजे मागची साइट सुमारे ०.८ मिलिमीटर उजवीकडे. मात्र तिसऱ्या विभागातली टेबलावरची परीक्षा झाल्याशिवाय काहीही सरकवू नका.

मागची साइट स्लाइडमध्ये आडव्या, खाली रुंद आणि वर अरुंद अशा खोबणीत घट्ट ठोकून बसवलेली असते. ही खोबण बहुतेक कंपन्यांची वेगळी, त्यामुळे एका पिस्तुलाची साइट सहसा दुसऱ्याला बसत नाही. हातोडी आणि पितळी ठोकणीने ती काढता येते, पण घसरली तर स्लाइडवर चरे पडतात आणि ट्रिशियमची नळी फुटू शकते. साइट पुशर नावाच्या स्क्रूच्या यंत्राने ढकलणे सुरक्षित. ग्लॉकचे पुढचे पाते खालून बारीक स्क्रूने धरलेले असते. त्या स्क्रूवर लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू घट्ट धरणाऱ्या डिंकाचा, थेंब नसेल तर धक्क्यांनी तो सैल होतो आणि पाते उडून जाते. ही सगळी कामे शंभर वेळा केलेल्या गनस्मिथकडून करून घ्यावीत. घरी करायचीच असतील तर मॅगझिन काढून, नळीत गोळी नाही हे डोळ्याने आणि बोटाने दोनदा पाहून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून मगच हात घालावा.

भारतातल्या परवानाधारक वाचकांसाठी दोन गोष्टी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रांची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे, कोणत्याही फिटरकडे ते काम देता येत नाही. दुसरे, नऊ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. जी मिळतात त्यांपैकी .३२ बोअरच्या अनेक रिव्हॉल्व्हरवर मागची खाच चौकटीतच कोरलेली असते आणि बदलण्यासारखे काही नसते. तिथे पाचव्या विभागातला नेलपॉलिशचा उपायच सर्वांत कामाचा.

८. मी कोणती सुचवेन

चाळिशीच्या आतला, निरोगी डोळ्यांचा, घराच्या संरक्षणासाठी पिस्तूल ठेवणारा माणूस मला विचारेल तर मी सांगेन, पोलादी साइट्स घे. मागे काळी, रुंद चौकोनी खाच आणि पुढची बाजू उभी. पुढे ट्रिशियम आणि भोवती केशरी कडे. त्यासोबत एक चांगली टॉर्च. पन्नाशीचा माणूस विचारेल, आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जायची त्याची तयारी असेल, तर लाल ठिपका आणि राखीव म्हणून उंच साध्या साइट्स. तेवढा सराव होणार नसेल तर त्यालाही पहिलीच जोडी, फक्त पाते आणखी रुंद.

दुकानदाराकडे नमुन्याची पिस्तुले असतात. ती रिकामी असल्याची खात्री करून, दुकानातला प्रखर दिवा सोडून कोपऱ्यातल्या मंद उजेडात सुरक्षित दिशेला रोखून पाहा. कोणत्या साइटचे पाते सर्वांत आधी सापडले ते लक्षात ठेवा, पाकिटावरचे वर्णन नंतर वाचा. आणि गेल्या दोन वर्षांत डोळे तपासले नसतील, तर साइटची ऑर्डर देण्याआधी नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्या.